धर्मभावना व भाषणस्वातंत्र्य (नागपूर)

धर्मभावना व भाषणस्वातंत्र्य : एकाच्या बोलण्याने वा लिहिण्याने दुसऱ्याच्या श्रद्धेस लागणारा धक्का समाजाने कोठवर सोसावा आणि कोणत्या मर्यादेपलीकडे तो दंडास पात्र समजावा, या प्रश्नाविषयीचा विचार व व्यवहार. प्रश्न सर्व देशांचा असला, तरी ही नोंद नागपूरच्या अनुरोधाने करण्याचे कारण असे की, अशा तंट्यांत शब्दांचे वजन करण्यासाठी भारतीय न्यायालये ज्या मापाचा आधार वारंवार घेत आली आहेत, ते नागपूरच्या उच्च न्यायालयात घडले. त्याच्या उलट पारड्यात पडणारे वचन त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवून दिल्लीस गेलेल्या एका न्यायमूर्तींनी लिहिले. आणि ज्या उच्चारांस एक समाज आपल्या मुक्तीचा संकल्प मानतो व दुसऱ्यातील कित्येकांना ज्यांत आपल्या दैवतांचा अधिक्षेप दिसतो, ते उच्चार याच शहराच्या एका मैदानावर १९५६ साली झाले आणि अद्यापि दरसाल होतात.

कायद्याची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. १८६० च्या दंडसंहितेत पवित्र स्थळांची व वस्तूंची विटंबना, धार्मिक जमावास उपद्रव, आणि समोरच्याचे मन दुखविण्याच्या बुद्धीने उच्चारलेला शब्द, इतक्यांपुरती तरतूद होती. धर्माच्या छापील निंदेसाठी निराळे कलम नव्हते. १९२४ मध्ये लाहोरास निघालेल्या ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेचे प्रकाशक १९२७ मध्ये तेथील उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले, तेव्हा उसळलेल्या क्षोभातून त्याच वर्षी २९५-अ हे कलम जन्मास आले. प्रकाशकांचा खून मात्र त्याने टळला नाही, तो १९२९ मध्ये झाला. या कलमाखाली नुसते मन दुखावणे पुरत नाही. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. शिक्षेची कमाल मर्यादा प्रथम दोन वर्षे होती, ती १९६१ मध्ये तीन झाली, आणि १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमात नांदत आहे.

संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याची जी कारणे मोजून दिली आहेत, त्यांत धर्मभावना हा शब्द नाही, ही गोष्ट सामान्य वाचकाच्या, आणि पुष्कळदा वकिलाच्याही, ध्यानातून निसटते. तेथे सार्वजनिक सुव्यवस्था आहे, आणि तीही १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आलेली आहे. १९५७ मध्ये ‘गोरक्षक’ या मासिकाचे संपादक रामजीलाल मोदी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९५-अ वैध ठरविले, ते याच सुव्यवस्थेच्या खुंटीला टांगून : हेतुपूर्वक आणि दुष्ट बुद्धीने केलेला अपमान शांतताभंगाकडे झुकतो, म्हणून तो दंडनीय, असा त्या निकालाचा मथितार्थ. या युक्तिवादात एक खोच राहून गेली, ती येथे नमूद केली पाहिजे. श्रद्धेला मिळणारे संरक्षण शांततेच्या नावाने मिळत असेल, तर शांतता मोडण्याचे सामर्थ्य ज्या समूहापाशी अधिक त्याच्या भावनेचे मोल व्यवहारात अधिक ठरते, आणि जो मुकाट्याने दुखावून घेतो त्याची फिर्याद दप्तरात पडून राहते.

नागपूर ही ब्रिटिश अमदानीत मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी. जुडिशियल कमिशनरच्या कचेरीच्या जागी येथे १९३६ च्या जानेवारीत उच्च न्यायालय स्थापन झाले, आणि पहिल्यापासून त्याच्या न्यायासनावर असलेल्यांत व्हिव्हियन बोस (१८९१–१९८३) हे एक होते. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस यांचे ते नातू. नागपुरातच वकिली केलेले आणि काही वर्षे येथील विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार या प्रकरणात त्यांनी जी कसोटी घालून दिली, ती नागपुरातूनच निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या १९४७ च्या संग्रहात, नागपूर विभागाच्या अगदी पहिल्या पानावर, छापलेली आहे. मूळ तंटा धर्माचा नव्हता. सरकार आणि छापील मजकूर यांच्यातला होता. पण बोस यांनी विचारलेला प्रश्न त्या तंट्याहून पुष्कळ मोठा होता : शब्दांचा परिणाम मोजावयाचा तो कोणाच्या मनावर? त्यांचे उत्तर असे की, विवेकी, खंबीर, स्थिरबुद्धी आणि धैर्यवान माणसाच्या मनावर. दुबळ्या व दोलायमान चित्ताच्या माणसाच्या नव्हे, आणि प्रत्येक विरोधी मतात ज्याला संकटाचा वास येतो त्याच्या तर नव्हेच.

या एका वाक्याने वादाचे स्वरूप पालटले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बोलणाऱ्याचा अधिकार मोठा की ऐकणाऱ्याची श्रद्धा मोठी, असा वाद मांडला म्हणजे दोन्ही बाजू आपापली निरपवाद तत्त्वे घेऊन बसतात आणि निकाल लागत नाही. त्याऐवजी मापासाठी कोणता माणूस घ्यावा हे आधी ठरविले, की निदान तराजू तरी एक होतो. इंग्रज न्यायाधीश यासाठी लंडनच्या क्लॅपहॅम बसमध्ये बसलेला सामान्य माणूस डोळ्यांपुढे आणतात, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही बोस यांच्या कसोटीशेजारी त्या बसचा उल्लेख केला. परंतु बोस यांच्या माणसाला नुसता सामान्यपणा पुरत नाही, त्याच्या अंगी धैर्य असावे लागते. सीताबर्डीच्या बाजारात सायंकाळच्या गर्दीत अशा किती माणसांचा भरणा असतो, हे मोजण्याची तजवीज न्यायालयाने केली नाही, आणि ती करण्याचे प्रयोजनही नव्हते. नागरिक असा आहे असे नव्हे, तर तो तसा धरून चालावे, एवढेच बोस यांना म्हणावयाचे होते.

उलट पारड्यातील वचन भुवनेश्वरप्रसाद सिन्हा यांचे. ते १९५१ ते १९५४ या काळात नागपूरचे मुख्य न्यायाधीश होते आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. १९५३ च्या मे महिन्यात पेरियार रामस्वामी नायकर यांनी तिरुचिरापल्ली येथे भर सभेत गणपतीची मातीची मूर्ती फोडली. खालच्या न्यायालयांनी फिर्याद फेटाळली ती अशा विचाराने की, प्राणप्रतिष्ठा न झालेली मातीची बाहुली ही पवित्र वस्तू होत नाही. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने निकाल लिहिताना सिन्हा यांनी हा अर्थ संकुचित ठरविला. कोणत्याही वर्गाला जी वस्तू पवित्र वाटते ती कायद्याच्या दृष्टीने पवित्र. ती श्रद्धा न्यायाधीशाला मान्य आहे की नाही, किंबहुना ती बुद्धीला पटण्याजोगी आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने काढू नये, असे त्यांचे म्हणणे. इतके बजावूनही पाच वर्षांपूर्वीचे प्रकरण पुन्हा उकरण्यात हशील नाही म्हणून अपील त्यांनी फेटाळलेच.

बोस आणि सिन्हा यांत विरोध आहे असे वरवर वाटते. तथापि एकासमोर शब्द होता आणि दुसऱ्यासमोर हातोड्याखालची वस्तू. शब्दाला शब्दाने उत्तर देता येते, फुटलेल्या मूर्तीला देता येत नाही. म्हणून शब्दाच्या बाबतीत श्रोत्याकडून धैर्याची अपेक्षा करणे आणि वस्तूच्या बाबतीत श्रद्धावंताची बाजू घेणे, ही दोन्ही एकाच विवेकाची अंगे मानता येतात. अडचण उभी राहते ती शब्दच कृती होऊन बसतो तेथे.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण नागपूरची दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या आरंभीच्या प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण आदी दैवतांचे देवत्व नाकारणाऱ्या आहेत. श्रद्धावान हिंदूला हे बोचणार, यात नवल नाही; पण ज्याने ते उच्चारले त्याच्यासाठी तो परधर्माचा उपमर्द नसून जन्माने गळ्यात पडलेल्या धर्माचा त्याग होता, म्हणजे स्वतःच एक धर्मकृत्य होते. भाषणस्वातंत्र्याचा एकोणिसावा अनुच्छेद आणि धर्मस्वातंत्र्याचा पंचविसावा हे येथे परस्परांसमोर उभे नाहीत, दोन्ही एकाच मुखातून बोलतात; त्यामुळे एका बाजूस स्वातंत्र्य व दुसऱ्या बाजूस श्रद्धा अशी जी नेहमीची मांडणी, ती येथे मुळातच लागू पडत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीतील एका समारंभात याच प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या तेव्हा तेथे हजर असलेले मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना गदारोळानंतर पद सोडावे लागले. नागपुरात त्याच दिवसांत त्या नेहमीप्रमाणे म्हटल्या गेल्या.

आंबेडकरांच्याच लेखनावरून महाराष्ट्रात पेटलेला वाद ‘रिडल्स’चा. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला, त्यात हिंदू धर्मातील कूटप्रश्नांविषयीचे हस्तलिखित होते आणि परिशिष्टात राम व कृष्ण यांच्या चरित्राची कठोर चिकित्सा. खंडाचे संपादक वसंत मून हे नागपूरच्या दलित वस्तीत वाढलेले, महसूल खात्यातील नोकरी केलेले गृहस्थ. त्या वस्तीचे चित्र त्यांनी पुढे ‘वस्ती’ या आत्मकथनात रेखाटले. शिवसेनेने परिशिष्ट काढून टाकण्याची मागणी केली, दलित संघटनांनी ते राहिलेच पाहिजे म्हणून मुंबईत प्रचंड मोर्चा काढला, आणि शंकरराव चव्हाणांच्या सरकारने अखेर दोन्ही बाजूंच्या नेत्यांशी बोलून तोडगा काढला : मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि त्या प्रकरणातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडावी. सरकारी दप्तरी तळटिपांची काही वाण नाही. पण एका ओळीच्या टिपेने दोन्ही बाजू शांत झाल्याचे उदाहरण विरळा. मालकी मताची, छपाई सरकारची, हा भेद वेळीच सांगितला असता तर कदाचित मोर्च्याची पाळीच आली नसती.

योगायोग असा की, हा वाद चालू असतानाच, १९८८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, दूरदर्शनवरील ‘तमस’ या फाळणीविषयीच्या मालिकेवर बंदी मागणारा अर्ज मुंबईहून दिल्लीस गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने बोस यांची नागपुरातील कसोटी लावून प्रक्षेपण चालू ठेवले. २००७ मध्ये जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयक पुस्तकावरील फौजदारी खटला रद्द करतानाही तीच कसोटी पुढे आली. मात्र कसोटी लावली म्हणजे पुस्तक सुटतेच, असा समज करून घेऊ नये : २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने इस्लामवरील एका इंग्रजी पुस्तकाची जप्ती कायम केली, आणि ती करताना इतर कोणत्याही धर्माप्रमाणे इस्लामवरही टीका करता येते, दोष टीकेत नसून दुष्ट हेतूत आहे, असे स्पष्ट केले.

विधिमंडळाने हा तोल सांभाळण्याचा प्रयत्न केला तोही नागपुरातच. अंधश्रद्धाविरोधी चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर काढलेल्या वटहुकमाचे जादूटोणाविरोधी कायद्यात रूपांतर डिसेंबर २०१३ च्या हिवाळी अधिवेशनात झाले. या कायद्याने दंडनीय कृत्यांची अनुसूची दिली आणि तितक्याच तपशिलाने प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लागणार नाही, असेही लिहून ठेवले. जानेवारी २०२३ मध्ये रेशीमबागेत बागेश्वर धामचे धीरेंद्र कृष्ण शास्त्री यांची कथा चालू असताना अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी त्यांना दिव्यशक्ती सिद्ध करण्याचे तीस लाख रुपयांचे आव्हान दिले आणि पोलिसांकडे तक्रार केली; पोलिसांनी गुन्हा होत नाही असा निर्वाळा दिला, आणि जिवे मारण्याच्या धमक्या आल्यामुळे मानव यांचा बंदोबस्त वाढवावा लागला. आव्हान देणे हे बोलणे, आणि कथा सांगणे हेही बोलणेच. कायद्याने दोघांनाही मोकळे ठेवले, यात वावगे काही नाही.

खरी गोम अन्यत्र आहे. न्यायासनावर खंबीर मनाचा माणूस मापाला असतो. पोलीस ठाण्यात, जमाव दाराशी उभा असताना, माप बहुधा जमावाचेच चालते. २९५-अ खाली न्यायालयाने खटल्याची दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, पण गुन्हा नोंदवून अटक करण्यास ती लागत नाही. त्यामुळे आरोपी अखेर सुटला तरी मधली वर्षे त्याला भरून मिळत नाहीत. २०१७ मध्ये व्हॉट्सॲपच्या एका गटातील मजकुरावरून दोघांवर नोंदलेला असा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कित्येक वर्षांनी रद्द केला, तेव्हा आजकाल लोक आपल्या धर्माविषयी पूर्वीपेक्षा अधिक हळवे झाले आहेत, असा अभिप्राय खंडपीठाने दिला.

१७ मार्च २०२५ रोजी नागपूरच्या महाल भागात औरंगजेबाची कबर हटविण्याच्या मागणीसाठी विश्व हिंदू परिषद व बजरंग दल यांनी निदर्शने केली आणि हिरव्या कापडाने झाकलेली प्रतिकृती जाळली. त्या कापडावर पवित्र आयती होत्या, अशी आवई दुपारपासून पसरली, आणि सायंकाळी दगडफेक व जाळपोळ सुरू झाली. जखमींपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला, आणि शहरातील अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागू झाली. कापडावर आयती नव्हत्या, असे सरकारने सांगितले. पण आवईला कसोटी लावण्यास तोवर कोणी थांबले नव्हते.

त्याच महिन्याच्या २८ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून जामनगरात नोंदलेला गुन्हा रद्द केला. न्यायमूर्ती अभय ओक यांनी त्या निकालात बोस यांची कसोटी पुन्हा सांगितली, आणि या वेळी ती न्यायाधीशापुरती न ठेवता ठाण्याच्या उंबरठ्यावर नेली : तीन वर्षे वा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अशा प्रकरणांत गुन्हा नोंदविण्यापूर्वी पोलिसांनी फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या संहितेप्रमाणे चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करावी, आणि शब्दांचे वजन करताना दुबळ्या मनाचा माणूस मापाला घेऊ नये. नागपुरातील संचारबंदी संपूर्ण उठून त्या दिवशी पाच दिवस झाले होते.