'बॉर्डर', लोंगेवाला आणि आमची दुरुस्ती

स्मरणिकेसाठी काही लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंतचे सगळे विषय आधीच वाटले गेले होते. माझ्याकडे इतिहास उरला. तेव्हा आपल्या सोसायटीतल्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. ती चूक माझी आहे.

१५ ऑगस्ट २००१. आपल्याकडे राहायला येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. पावसामुळे कार्यक्रम पार्किंगमध्येच घेतला. झेंडावंदन सकाळी झालं, आणि संध्याकाळी भाड्याने पडदा-प्रोजेक्टर आणून 'बॉर्डर' दाखवला. जे. पी. दत्तांचा हा चित्रपट १९९७च्या जूनमध्ये आला होता, तरी मुलं पुन्हा बघायला तयार होती. बायकांचे डोळे पुसणं चालू होतं. शेवटी खजिनदार या नात्याने मी माइक घेतला आणि हुतात्मा भैरोसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांसाठी सर्वांना दोन मिनिटं उभं केलं.

नंतर चहाच्या वेळी 'ब' विंगमधले एक निवृत्त सुभेदार जवळ आले. १९७१ साली ते पूर्व आघाडीवर होते. म्हणाले, "खजिनदारसाहेब, पिक्चर चांगला आहे हो. पण तिथे एवढी माणसं मेली नव्हती." मला ते तेव्हा थोडं खटकलं. श्रद्धांजलीच्या दिवशी असा हिशेब कशाला, असं वाटलं. सुभेदार आज नाहीत, पण त्यांच्या त्या एका वाक्यामुळे मी लोंगेवालाबद्दल मिळेल ते वाचायला लागलो.

१९७१च्या डिसेंबरमध्ये मी नुकताच बँकेत लागलो होतो. मुंबईत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, टॅक्सीच्या दिव्यांवर काळा रंग, आणि रात्री रेडिओला कान लावून बसायचं. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि पश्चिमेकडे युद्ध पेटलं. लोंगेवाला हे नाव तेव्हा आमच्या कानावर आलं ते लढाई होऊन गेल्यावरच.

राजस्थानात जैसलमेरच्या पश्चिमेला, सरहद्दीपासून काही मैलांवर वाळूच्या उंचवट्यावरचं हे ठाणं. तिथे २३ पंजाबची एक कंपनी, म्हणजे सुमारे १२० माणसं, आणि सीमा सुरक्षा दलाचे उंटांवरून गस्त घालणारे मोजके जवान. प्रमुख मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. ४ डिसेंबरच्या चांदण्या रात्री लेफ्टनंट धरमवीर यांच्या गस्तीला सरहद्दीपलीकडून इंजिनांची घरघर ऐकू आली. येत होते चाळीसहून अधिक रणगाडे आणि त्यांच्यामागे दोन हजारांवर सैन्य. चांदपुरींना वरून सांगण्यात आलं की थांबायचं की मागे यायचं ते तुम्ही ठरवा. कंपनीकडे माघारीपुरती वाहनं नव्हती. उघड्या वाळवंटात पायी निघालेल्या माणसांना रणगाड्यांनी गाठलंच असतं. ते थांबले. चित्रपटात हा निर्णय मोठमोठ्या संवादांतून येतो, मला मात्र त्यामागचा व्यवहारी हिशेब जास्त भारी वाटतो.

तोफांच्या माऱ्यात सीमा दलाचे पाच उंट गेले. शत्रूचे रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत आपल्या माणसांनी गोळी झाडली नाही, आणि मग जीपवरच्या रणगाडाविरोधी तोफांनी पुढचे टिपले. पुढे ठाण्याभोवतीची साधी काटेरी तार पाहून शत्रूला वाटलं, इथे सुरुंग पेरलेत. ते शोधण्यात त्यांचे दोनेक तास गेले. काही रणगाडे मऊ वाळूत रुतले. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढण्याची सोय नव्हती, त्यामुळे उजाडेपर्यंत ठाणं टिकवणं एवढंच काम होतं. उजाडलं आणि हंटर आली. पाकिस्तानी तुकडीच्या डोक्यावर स्वतःचं एकही विमान नव्हतं, आणि सपाट वाळूत लपायला जागा नव्हती. विमानं चुकवण्यासाठी रणगाडे गोल गोल फिरले, त्यांच्या वाळूतल्या चाकोऱ्यांची हवेतून घेतलेली छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. श्रेय पायदळाचं की हवाई दलाचं यावर पुढे निवृत्त अधिकाऱ्यांत बरीच वादावादी झाली. माझ्या मते रात्र एकाची, सकाळ दुसऱ्याची. चांदपुरींना महावीरचक्र मिळालं. २०१८ साली ते वारले.

आणि आपले किती गेले? दोन जवान. चित्रपटात मात्र एकामागून एक पडतात. धरमवीर पडतात, भैरोसिंग तर रणगाड्याशी झुंजत जातात. प्रत्यक्षात धरमवीर सुखरूप परतले. सीमा दलाचे भैरोसिंग राठोड त्या रात्री मशीनगन चालवत होते. त्यांना सेना मेडल मिळालं. १९८७ साली निवृत्त होऊन ते जोधपूरकडच्या आपल्या गावी राहत होते. म्हणजे आपण पार्किंगमध्ये मान खाली घालून उभे होतो, तेव्हा ते साठीच्या घरात होते आणि बहुधा संध्याकाळच्या जेवणाला बसले असावेत.

डिसेंबर २०२२मध्ये पेपरात बातमी आली : लोंगेवालाचे भैरोसिंग राठोड यांचं जोधपूरला ८१व्या वर्षी निधन. दोनदा वाचली. बँकेत जवळजवळ ३९ वर्षं मी एक व्हाउचर तपासल्याशिवाय सही केली नाही, आणि एका जिवंत माणसाला मात्र पडद्यावर पाहून श्रद्धांजली वाहिली.

पुढच्या २६ जानेवारीला मी माइक मागून घेतला आणि हे सगळं सांगितलं. २००१ साली पुढच्या सतरंजीवर बसलेला एक मुलगा आता आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. ती पोरगी म्हणाली, "आजोबा, मग पिक्चरमध्ये त्यांना का मारलं?" मी म्हटलं, "तिकिटं विकली जावीत म्हणून असेल, बाळ." लोक हसले. घरी आल्यावर वाटलं, उत्तर अर्धंच दिलं. आम्हालाही ते मेलेलेच हवे होते. जिवंत जवानाच्या गावी जाऊन त्याची विचारपूस करावी लागते, हुतात्म्यासाठी दोन मिनिटं पुरतात.

त्यानंतर कार्यालयातलं २००१चं इतिवृत्ताचं रजिस्टर काढलं. 'हुतात्मा भैरोसिंग यांना आदरांजली' अशी माझ्याच अक्षरातली नोंद सापडली. बँकेत चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. सचिवांसमोर तिच्यावर लाल शाईची एक रेघ मारली, वर बरोबर मजकूर लिहिला, आणि बाजूला तारीख घालून सही केली.