लॅम्डाची सोंड

डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनचा दिवा लागला की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते दुर्लक्ष, आणि दुसरी, सर्व्हिस सेंटरला फोन. तिकडून बऱ्याचदा ठरलेलं उत्तर येतं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." कधीकधी ते खरंही असतं :)

पण मंडळी, हा सेन्सर घरच्या पार्किंगमध्ये बसून आपला आपण बदलता येतो. आणि त्याआधी तो खरंच गेलाय का, हे मोबाईलवर बघताही येतं. ही सोय गाडी बनवणाऱ्यांनी प्रेमापोटी दिलेली नाही बरं का. ती एका शहराच्या धुरक्यातून आली, आणि गंमत म्हणजे तो सेन्सरसुद्धा त्याच धुरक्यातून आला.

शहर लॉस एंजेलिस, तारीख २६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं आणि शहरावर असं काही धुरकं उतरलं की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, दोन-तीन चौकांपलीकडचं दिसेना. जपान्यांनी विषारी वायू सोडला अशी आवई उठली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो बंद ठेवून पाहिला, तरी धुरकं काही हटेना. खरा गुन्हेगार सापडायला आणखी काही वर्षं जावी लागली, आणि तो शोधला कुणी, तर अननसाच्या वासावर संशोधन करणाऱ्या माणसाने!

आरी हागेन-स्मिट हे कॅलटेकमधले मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ. फळांचा वास कशाने येतो हे शोधायला हवेतले सूक्ष्म पदार्थ गोळा करायचं तंत्र त्यांच्या हातात होतं. तेच त्यांनी शहराच्या हवेवर वापरलं. गाड्यांच्या धुरातले आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन, त्यात नायट्रोजनचे ऑक्साइड, वरून कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन. या सगळ्यातून ओझोन तयार होतो आणि तोच डोळ्यांत पाणी काढतो, असा त्यांचा १९५० च्या सुमाराचा निष्कर्ष होता. तेल कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या दुसऱ्या संशोधनाने हे खोडून काढायचा प्रयत्न केला. त्यावर साहेब असे चिडले म्हणतात, की वासाचं काम बाजूला ठेवून याच्याच मागे लागले. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ काढलं, तेव्हा १९६८ मध्ये त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. या मंडळाचं नाव लक्षात ठेवा, कार्ब. (हो, आणि या कार्बनेच पुढे कार्ब्युरेटरची सद्दी संपवायला हातभार लावला.)

१९७० च्या अमेरिकन कायद्याने गाड्यांच्या धुरातले विषारी वायू जवळपास ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. १९७५ च्या मॉडेल्समध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. पण ते फक्त कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळायचे. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं काय? तिन्ही वायू एकाच डब्यात मारणारा कन्व्हर्टर बनवता येत होता, पण त्याची एक जाचक अट होती. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनाने साधारण १४.७ ला १, असं अगदी काट्यावर हवं. हवा थोडी जास्त झाली तर नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, पेट्रोल जास्त झालं तर बाकीचे दोन. प्रत्यक्ष मिळालेली हवा भागिले लागणारी हवा, या गुणोत्तराला म्हणतात लॅम्डा, आणि तो १ च्या आसपास धरून ठेवायचा. साध्या कार्ब्युरेटरच्या हे बापजन्मात जमणारं नव्हतं. थंडी, चढ, ट्रॅफिक, प्रत्येक वेळी प्रमाण बदलणार. थोडक्यात, इंजिनिअरिंगला रट्टा मारून पास झालेला तो कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर इथे खराखुरा लागला. फीडबॅक लूप हवा, आणि त्यासाठी धुरात नाक खुपसून बसणारा कुणीतरी हवा.

ते नाक मात्र तयारच होतं. जर्मनीतल्या वाल्टर नेर्न्स्टने १८९७ मध्ये झिर्कोनियाच्या कांडीचा एक विजेचा दिवा बनवला होता. एडिसनच्या दिव्यासारखी यात हवा काढून टाकायची गरज नव्हती, पण कांडी आधी गरम करावी लागायची. गार असताना तिच्यातून वीजच वाहत नाही. गरम झाल्यावर ती का वाहते, याचा उलगडा कार्ल वाग्नरने केला : स्फटिकातल्या रिकाम्या जागांमधून ऑक्सिजनचे आयन सरकतात. तो निबंध १९४३ चा. म्हणजे ज्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये लोक डोळे चोळत होते त्याच वर्षी, आणि शत्रूच्या देशात!

आता झिर्कोनियाच्या टोपणाच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला धूर ठेवला तर? दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं. पेट्रोल जास्त असेल तर धुरात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, मग ०.८-०.९ व्होल्ट. हवा जास्त असेल तर ०.१ च्या आसपास. मधली उडी इतकी तीव्र की ०.४५ च्या वर की खाली, एवढंच बघितलं तरी कंट्रोलरचं काम भागतं. बॉशने १९७६ मध्ये या सेन्सरचं उत्पादन सुरू केलं आणि व्होल्वोने तो कॅलिफोर्नियात विकायच्या १९७७ च्या मॉडेल्समध्ये बसवला. पुढच्या जाळीवर अभिमानाने बिल्ला लावला, 'लॅम्डा सोंड'. स्वीडिशमध्ये या शब्दाचा अर्थ शोधकांडी, पण मराठी माणसाला हसू येणारच. आणि काम तरी काय वेगळं आहे? सोंड पाइपात घालून हुंगत बसायचं.

आता दुसरा अर्धा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गाडी नवी असताना स्वच्छ, पण पाच वर्षांनी सेन्सर मेला तर? मालकाला पत्ताही लागत नाही, गाडी चालतच राहते. म्हणून कार्बने १९८८ च्या मॉडेल्सपासून सांगितलं, गाडीनेच बिघाड ओळखावा आणि दिवा लावावा. झालं! प्रत्येक कंपनीने आपापला कनेक्टर, आपापले कोड काढले. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने दहा मशिनं घ्यायची कुठून? १९९० च्या दुरुस्ती कायद्यात अमेरिकन संसदेने लिहूनच टाकलं, की प्रदूषणाशी संबंधित दुरुस्तीची माहिती दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही मिळाली पाहिजे. मग आला ओबीडी-२ : १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांत तोच १६ पिनांचा कनेक्टर, स्टिअरिंगजवळ, तेच कोड. आपल्या भाषेत, सरकारने इंटरफेस उघडा करायला लावला. २००५ मध्ये कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने या भाषेचं भाषांतर करणारी ईएलएम३२७ चिप काढली, तिच्या बेसुमार नकला झाल्या, आणि म्हणून आज स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल मिळतं.

हा दरवाजा धुराड्याच्या वाटेने उघडला, हे विसरून चालणार नाही. इलेक्ट्रिक गाडीला धुराडंच नाही, त्यामुळे तिच्या बॅटरीचं दुखणं सगळ्यांना वाचता येईल अशी सक्ती या कायद्यातून येत नाही. तो हक्क नव्याने मागावा लागणार आहे.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्यांत आलं. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास (तेव्हा हीच नावं होती) या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पण शिसेविरहित पेट्रोल देशभर व्हायला फेब्रुवारी २००० उजाडलं, आणि शिसं म्हणजे कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांचंही विष. २०१० मध्ये भारत स्टेज ४ आधी १३ शहरांत लागू झालं, त्यात मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. त्या गाड्यांना ओबीडी आलं आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. एप्रिल २०२० च्या भारत स्टेज ६ नंतर तर साध्या स्कूटरच्या सायलेन्सरवरही ही सोंड दिसते.

तर आता पार्किंगमध्ये. आधी कोड वाचा. पी ०१३५ म्हणजे सेन्सरचा हीटर किंवा त्याचं सर्किट. (नेर्न्स्टची कांडी गार असताना काम करत नव्हती ना? तेच दुखणं, म्हणून नंतरच्या सेन्सरांत हीटर घातला.) आधी फ्यूज आणि वायर बघा. आपल्याकडे उंदीर हा वाहन उद्योगातला मोठा घटक आहे. पी ०१७१ आला असेल तर थांबा : मिश्रणात हवा जास्त आहे, असं सेन्सर सांगतोय. तो बहुधा खरंच बोलत असतो, आणि कुठेतरी पाइप फाटून हवा शिरत असते. निरोप आणणाऱ्यालाच बदलून काय उपयोग? लाइव्ह डेटामध्ये कन्व्हर्टरच्या आधीच्या साध्या सेन्सरचं व्होल्टेज, इंजिन तापल्यावर, सतत वर-खाली नाचलं पाहिजे. नाचत नसेल, मुद्दाम मिश्रण बदलूनही हलत नसेल, तर गेला. नव्या वाइडबँड सेन्सरना मात्र हा नियम लागू नाही.

बदलायला २२ मिमीचा पाना किंवा वायरसाठी खाच असलेला सॉकेट लागतो. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा, पाइप किंचित कोमट असताना फिरवा, पण लालबुंद तापलेल्याला हात लावू नका. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर अजिबात नाही, खाली स्टँड हवेतच. अँटी-सीझ ग्रीस फक्त आट्यांना, तेही कंपनीने आधीच लावलेलं नसेल तर, टोकाला नाही. आसपास साधा सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याच्या वाफेनेही सेन्सर मरतो. हाताने पूर्ण आटे बसवून मगच पाना लावा.

शेवटी कोड पुसा. पुसल्यावर दिवा लगेच जातो, पण ॲपमध्ये सेन्सर आणि कन्व्हर्टरच्या चाचण्यांसमोर 'अपूर्ण' दिसेल. घाबरू नका. तपासणीच्या दारातच कोड पुसून आत जाणाऱ्या हुशार लोकांसाठी ती सोय आहे. हायवेवर आणि शहरात मिळून तीन-चार दिवस गाडी चालवली की त्या आपोआप पूर्ण होतात.