वॉर्म की व्हाइट? ओट्यावरच्या एलईडी पट्टीमागचा शंभर वर्षांचा इतिहास

सेलूच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन किचनमधल्या कपाटाखाली लावायला एलईडी स्ट्रिप मागितली, की पहिला प्रश्न येतो, "वॉर्म देऊ की व्हाइट?" आपण "वॉर्म" म्हणतो, पाच मीटरचं रीळ आणि एक ॲडॉप्टर घेतो, मागचा कागद सोलतो आणि पट्टी कपाटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेआड चिकटवतो. ओट्यावर मऊ, पिवळसर उजेड पडतो. काम संपलं.

पण पेटची तयारी करणारे तुमच्यापैकी बरेच जण मला एकच गोष्ट विचारतात, "दादा, सगळं तर शोधून झालंय, आता विषय कुठून आणायचा?" त्याचं उत्तर मला या पट्टीच्या इतिहासात जास्त नीट सापडतं. म्हणून आज 'वॉर्म' या एका शब्दाचा माग काढूया.

आकडा कमी, तरी 'उबदार' कसा?

रिळाच्या पाकिटावर वॉर्मसाठी 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेलं असतं, पांढऱ्याफटक पट्टीवर 6500. म्हणजे ज्याला आपण उबदार म्हणतो त्याचं तापमान कमी! लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. ते आधी लाल होतं, मग पिवळं, आणि आणखी तापलं की पांढऱ्याकडे झुकतं. केल्विनचा आकडा सांगतो, की आदर्श तापलेली वस्तू किती तापमानाला याच रंगाची दिसेल. पट्टी स्वतः एवढी तापलेली नसते, फक्त रंग तसा असतो.

कंदिलाची ज्योत साधारण 1900 केल्विनच्या आसपास असते आणि जुना पिवळा बल्ब 2700 च्या. कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील ज्या पिढीने वापरला, तिच्यासाठी संध्याकाळचा उजेड म्हणजे हाच रंग. ऊब आकड्यात नाही, आपल्या सवयीत आहे.

इथे पहिली नोंद करून ठेवा. 1890 च्या दशकात बर्लिनच्या सरकारी मापन संस्थेत तापलेल्या वस्तूंचा प्रकाश काटेकोरपणे मोजला जात होता. त्यामागचं एक मोठं कारण अगदी व्यवहारी होतं. दिव्यांच्या उद्योगाला प्रकाशाचं भरवशाचं प्रमाण हवं होतं. त्याच मोजमापांचा अर्थ लावताना 1900 मध्ये मॅक्स प्लांक पुंज कल्पनेपर्यंत पोहोचला.

निळ्याची वाट

आता एलईडीकडे येऊ. 1907 मध्ये मार्कोनी कंपनीत काम करणाऱ्या हेन्री राउंडने एक छोटंसं टिपण छापलं. सिलिकॉन कार्बाइडच्या, म्हणजे धारेच्या दगडात असतं त्या पदार्थाच्या, स्फटिकाला वीज दिली तर पिवळसर प्रकाश दिसतो, एवढंच त्यात होतं. पुढे 1920 च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्हने याचा चिकाटीने अभ्यास केला. हा प्रकाश तापल्यामुळे येतो का, हे बघायला त्याने चमकणाऱ्या जागेवर बेंझिनचा थेंब ठेवला. थेंब काही लवकर उडाला नाही. म्हणजे प्रकाश थंड होता! प्रयोग किती साधा आणि प्रश्न किती नेमका, हे बघा. लोसेव्ह 1942 मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने गेला आणि त्याचं काम बराच काळ मागे पडलं.

1962 मध्ये अमेरिकेत निक होलोन्याकने डोळ्याला दिसणारा लाल एलईडी बनवला. निळा मात्र हाती लागेना. गॅलियम नायट्राइड हा पदार्थ योग्य होता, पण त्याचा चांगला स्फटिक वाढत नव्हता आणि त्यात पी-प्रकारचा थर जमत नव्हता. त्यामुळे अनेक गट तो सोडून झिंक सेलेनाइडकडे वळले. जपानमध्ये अकासाकी आणि अमानो टिकून राहिले. 1986 मध्ये त्यांना चांगला स्फटिक मिळाला, 1989 मध्ये पी-प्रकार. निचिया कंपनीतल्या नाकामुरांनी 1993 मध्ये प्रखर निळा एलईडी आणला. 2014 चं नोबेल या तिघांना मिळालं.

या निळ्याची खूण तुमच्या पट्टीवर आहे. 12 व्होल्टच्या साध्या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते. ती का? निळ्या चिपला साधारण 3 व्होल्ट लागतात, लाल चिपला सुमारे 2. तीन चिप ओळीने जोडल्या की 9 व्होल्ट होतात आणि उरलेले 3 त्यांच्या शेजारचा रेझिस्टर घेतो. तुमच्या 'पिवळ्या' पट्टीत खरं तर निळी चिप बसलेली आहे आणि ती खूण तिच्या व्होल्टेजशी जुळते.

पांढरा आला, लाल राहिला

मग निळ्याचा पांढरा कसा होतो? चिपवरच्या पिवळ्या लेपामुळे. त्याला फॉस्फर म्हणतात (फॉस्फरस नव्हे, त्या मूलद्रव्याशी याचा संबंध असायलाच हवा असं नाही). निळा प्रकाश थोडा आरपार येतो, थोडा लेपात पिवळा होतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. 1996 मध्ये निचियाने असा एलईडी बाजारात आणला. त्यातला सेरियम घातलेला पिवळा फॉस्फर मात्र नवा नव्हता. फिलिप्सच्या ब्लासे आणि ब्रिल यांनी 1967 मध्येच त्यावर शोधनिबंध लिहिला होता, रंगीत टीव्हीसाठीच्या एका खास नळीकरता! जवळपास तीस वर्षं तो वेगळ्याच कामासाठी नोंदलेला होता.

या पांढऱ्यात एक उणीव होती, लाल फार कमी. म्हणून तो उजेड निळसर, दवाखान्यासारखा वाटतो आणि ओट्यावरचा टोमॅटो निस्तेज दिसतो. वॉर्म हवा तर लाल देणारा फॉस्फर हवा, तोही निळ्या प्रकाशावर चालणारा आणि चिपच्या उष्णतेत टिकणारा. उत्तर नायट्राइड संयुगांत मिळालं. ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजनशी युरोपियमचा बंध जास्त सहसंयुज असतो, त्यामुळे त्याचं उत्सर्जन लाल बाजूला सरकतं. कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि नायट्रोजनच्या अशा लाल फॉस्फरवर जपानी संशोधकांचा महत्त्वाचा निबंध 2006 चा आहे. नोबेलचं भौतिकशास्त्र निळ्यापाशी थांबतं, पण ओट्यावरची ऊब रसायनशास्त्राने आणली.

मापात न बसलेला रंग

पाकिटावर सीआरआय 80 किंवा 90 लिहिलेलं असतं. रंग किती खरे दिसतात, त्याचं हे माप. 1974 च्या सुधारित पद्धतीत 14 नमुना रंग आहेत, पण सरासरी फक्त पहिल्या आठांची घेतात आणि ते आठही फिकटसर आहेत. गडद लाल नववा, म्हणजे सरासरीच्या बाहेर. त्यामुळे 80 गुण मिळवणारा दिवा टोमॅटोच्या बाबतीत नापास असू शकतो. वॉर्म पट्टी घेताना जमलं तर 90 च्या पुढची घ्या.

मग विषय कुठून आणायचा?

माझं उत्तर असं, की 'काय नवीन चाललंय' याआधी 'काय उरलंय' ते विचारा. पांढरा एलईडी आला तेव्हा प्रश्न सुटला असं वाटणं साहजिक होतं. उरलेला लाल ज्यांना खटकला, त्यांना पुढच्या कित्येक वर्षांचं काम मिळालं. दुसरं, जुने निबंध वाचा, विशेषतः वेगळ्या कामासाठी लिहिलेले. तिसरं, तुमच्या विषयातलं प्रचलित माप कशाची सरासरी काढतं आणि कशाला वगळतं, ते तपासा.

आणि हे सगळं परदेशातच होतं असं समजू नका. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एस. व्ही. मोहरील, संजय ढोबळे यांच्यासारख्यांनी फॉस्फरवर दीर्घकाळ काम केलंय. त्यांचे निबंध शोधा आणि शेवटचा परिच्छेद आधी वाचा. पुढे काय करायचं राहिलंय, ते अनेकदा तिथेच लिहिलेलं असतं.

आता गृहपाठ. एक जुनी सीडी घ्या, खोलीत अंधार करा आणि वॉर्म पट्टीचा, पांढऱ्या पट्टीचा आणि मिळाला तर जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड तिच्यावर तिरपा पाडून बघा. बल्बचा पट्टा अखंड दिसेल. एलईडीत निळी रेघ ठळक, तिच्यापुढे एक अंधारा भाग आणि मग हिरव्यापासून लालपर्यंतचा रुंद पट्टा. तिन्हींची चित्रं वहीत काढा आणि त्याखाली प्रत्येकी एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला अजून माहीत नाही. ते प्रश्न खाली पाठवा, पुढच्या लेखात त्यांवरच बोलू.