माहीत नाही ते न सांगणारे ड्रायव्हर

लिनक्सवर मदरबोर्डचे तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचा वेग दाखवणाऱ्या ड्रायव्हरांबद्दलची तक्रार पंचवीसहून अधिक वर्षे तीच आहे. नवा बोर्ड घ्यावा, लिनक्स बसवावे, ‘सेन्सर्स’ ही कमांड चालवावी, आणि समोर एकतर काहीच येऊ नये, किंवा आले तर उणे ५५ अंश तापमान आणि शून्य वेगाने फिरणारा पंखा असे काहीतरी यावे. या तक्रारीचा नेहमीचा खुलासा असा की ड्रायव्हर अपुरे आहेत, लिहिणारे थोडे आहेत आणि बाजारात चिप रोज नवी येते. खुलासा खोटा नाही, पण वरवरचा आहे. या क्षेत्राचा इतिहास नीट पाहिला तर चिपमधून आकडा वाचण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी लवकरच सुटला होता, असे दिसते. सुटला नाही तो त्या आकड्याचा अर्थ लावण्याचा प्रश्न, कारण तो अर्थ बोर्ड बनवणाऱ्याकडे असतो आणि तो सहसा सांगितला जात नाही. अशा परिस्थितीत या कामातल्या मंडळींनी हळूहळू एक शिस्त अंगी बाणवली: जे कळत नाही ते दाखवायचे नाही. वापरणाऱ्याला हीच शिस्त अडचण वाटते. माझ्या मते या परंपरेची खरी कमाई तीच आहे.

सुरुवात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. पेंटियम घराण्याचे प्रोसेसर तापू लागले होते आणि मदरबोर्डवर देखरेखीसाठी वेगळी चिप बसवण्याची पद्धत पडत होती. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम७८ ही त्यातली गाजलेली चिप, आणि तापमानापुरती एलएम७५. याच नावांवरून १९९८ मध्ये लिनक्ससाठी ‘एलएम-सेन्सर्स’ हा प्रकल्प उभा राहिला. फ्रोडो लॉइयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक ही त्यातली सुरुवातीची मोठी नावे. चिपपर्यंत पोचायचे रस्ते दोन होते. एक जुन्या आयएसए बसचा, साधारणपणे हेक्स २९० या पोर्टपाशी. दुसरा एसएमबसचा. फिलिप्सने १९८०च्या दशकात काढलेल्या आयटूसी या दोन तारांच्या बसवरून इंटेल आणि ड्युरासेल यांनी १९९५ मध्ये एसएमबस बेतली, तीही मुख्यतः लॅपटॉपच्या बॅटऱ्यांसाठी. या बसवर कोणत्या पत्त्यावर कोण बसले आहे हे विचारण्याची खात्रीची सोयच नव्हती. एका पत्त्यावर हाक मारायची, कोणी ओ दिली तर काही रजिस्टर वाचायची आणि त्यांतल्या खुणांवरून चिप ओळखायची, एवढाच मार्ग होता.

चिप ओळखली तरी पुढचा पेच शिल्लक राहतो, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. एलएम७८ आठ बिटांत मोजते आणि एक पायरी १६ मिलिव्होल्टची असते. म्हणजे तिला साधारण ४.०८ व्होल्टपर्यंतच कळते. पॉवर सप्लायची १२ व्होल्टची तार तिला थेट जोडता येत नाही. बोर्ड बनवणारा मध्ये दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज खाली आणतो. समजा ते २८ आणि १० किलोओहमचे असले, तर भागाकार ३.८ चा होतो; १२ व्होल्टचे सुमारे ३.१६ व्होल्ट चिपपाशी पोचतात आणि ड्रायव्हरने वाचलेला आकडा ३.८ ने गुणला की मूळ किंमत मिळते. पण दुसऱ्या कारखान्याने त्याच चिपला ३० आणि १० चे रेझिस्टर लावले, तर भागाकार ४ चा झाला. चिपपाशी नेमके ३ व्होल्ट आले, आणि सॉफ्टवेअरने जुन्या समजुतीने ३.८ ने गुणून ११.४० व्होल्ट असे छापले. एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टच्या तारेला पाच टक्के सूट आहे, म्हणजे खालची हद्द बरोबर ११.४०. धडधाकट पॉवर सप्लाय आता मरणपंथाला लागल्यासारखा दिसतो. चिप खोटे बोललेली नाही, ड्रायव्हरही चुकलेला नाही. दोन हजार ओहमचा फरक कुणी सांगितला नाही, एवढेच.

पंख्यांचेही तसेच. पंख्याच्या फेरीला लागणाऱ्या वेळात घड्याळाचे किती ठोके पडतात ते मोजून वेग काढतात. १३,५०,००० ला मोजणी आणि विभाजक यांच्या गुणाकाराने भागायचे. मोजणी २५५ च्या पुढे जात नाही. विभाजक २ असेल तर सुमारे २,६५० फेऱ्यांहून हळू फिरणारा पंखा चिपच्या लेखी थांबलेला असतो. मिनिटाला १,२०० फेऱ्या घेणारा, आवाज न करणारा चांगला पंखा ‘शून्य’ दिसण्याचे कारण बहुधा हेच. विभाजक ८ केला की तोच पंखा नीट दिसू लागतो.

या अज्ञानाची किंमत केवळ चुकीच्या आकड्याने भागत नाही, हे २००० च्या आसपास कळले. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांत अॅटमेलची २४आरएफ०८ ही स्मृतिचिप त्याच एसएमबसवर बसवलेली होती आणि मशीन सुरू होताना तपासली जाणारी माहिती तिच्यात साठवलेली असे. ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ ही स्क्रिप्ट बसवरचे पत्ते चाचपडताना एक अगदी छोटा, डेटा नसलेला लेखनाचा संकेत पाठवायची. बहुतेक चिपना त्याने काही होत नाही. या चिपचा मात्र गोंधळ उडायचा: ती लिहिण्याच्या तयारीत अडकून राहायची आणि पुढची देवघेव तिच्या आतल्या माहितीवर उमटायची. माहिती बिघडली की लॅपटॉप सुरूच होत नसे आणि अनेकदा मदरबोर्ड बदलण्याची पाळी येई. केवळ तापमान पाहायला निघालेल्या माणसाचे यंत्र निकामी होणे ही लहान गोष्ट नव्हती. प्रकल्पाने यावर दोन गोष्टी केल्या. बसच्या ड्रायव्हरने मशीनच्या बायोसमधले निर्मात्याचे नाव वाचायचे आणि ते आयबीएम असेल तर कारण सांगून सरळ चालू व्हायला नकार द्यायचा. आणि पुढे हेक्स ५० ते ५एफ या पत्त्यांवर, जिथे अशा स्मृतिचिप असतात, लेखनाच्या संकेताऐवजी वाचनाने चाचपणी करायची. पहिल्या उपायाने कित्येक निर्धोक आयबीएम मशीनही वगळली गेली, आणि तरीही तो योग्यच होता. कोणते मशीन निर्धोक आहे हे ठरवण्याची माहिती हाताशी नसताना सगळ्यांनाच वगळणे हाच प्रामाणिक मार्ग होता.

२००३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या लिनक्स २.६ मध्ये हे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये सामावले गेले. त्या कामात ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा मोठा वाटा होता, आणि नंतरची अनेक वर्षे जाँ देलवार यांनी हा भार वाहिला. या टप्प्यावर झालेली श्रमविभागणी मला फार महत्त्वाची वाटते. ड्रायव्हरने चिपच्या पायावर दिसणारी किंमत ठरलेल्या नावाने आणि ठरलेल्या एककात द्यायची: व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, पंखा मिनिटाच्या फेऱ्यांत. त्या पायावर काय जोडले आहे, रेझिस्टर कोणते, ही बोर्डाची गोष्ट. तिने कर्नलमध्ये शिरायचे नाही. ती कॉन्फिगरेशनच्या फायलीत राहील, जिथे ‘लेबल’, ‘कम्प्यूट’ आणि ‘इग्नोर’ अशा साध्या ओळी लिहून कोणीही ती दुरुस्त करू शकेल. २००७ मध्ये आलेल्या एलएम-सेन्सर्स ३.० ने ही मांडणी पूर्णत्वाला नेली. तोवर लायब्ररीला प्रत्येक चिपची वेगळी ओळख ठेवावी लागे, आता ती ठरलेल्या नावांवर चालू लागली. ज्ञात आणि अज्ञात यांच्यामधली रेघ अशी थेट रचनेतच आखली गेली. आजही या ड्रायव्हरांचा घोळ निस्तरायला बसलेला जाणता माणूस आधी बायोसच्या पडद्यावर बोर्ड स्वतः काय आकडे दाखवतो ते पाहतो, लिनक्सच्या आकड्यांशी ताडून गुणक काढतो, आणि कशालाच न जोडलेल्या पायांवरचे भरकटलेले आकडे ‘इग्नोर’ लिहून बंद करतो. ते उणे ५५ अंश बहुधा अशाच मोकळ्या पायाचे असतात.

सर्वांत जास्त रोष ओढवला तो २००९ च्या सुमारास रूढ झालेल्या एका नियमाने. बायोसमधला एसीपीआयचा कोड आपण कोणते पोर्ट वापरणार हे जाहीर करतो. कर्नल आता त्या पोर्टांवर हक्क सांगणाऱ्या सेन्सर ड्रायव्हरला अडवू लागला. काल चालणारे आकडे कर्नल बदलताच गायब झाले. कारण मात्र पक्के आहे. या चिपचे रजिस्टर दोन पावलांत वाचतात: हेक्स २९५ या पोर्टवर रजिस्टरचा क्रमांक लिहायचा, मग २९६ वरून किंमत घ्यायची. ड्रायव्हरने क्रमांक लिहिला आणि त्याच क्षणी बायोसच्या कोडने मध्येच स्वतःचा क्रमांक लिहिला, तर ड्रायव्हरच्या हाती भलत्याच रजिस्टरची किंमत येते. वाचताना एवढेच नुकसान. लिहिताना मात्र पंख्याचा वेग बदलण्याचा हुकूम भलत्याच रजिस्टरमध्ये जाऊन पडू शकतो. यावरचा आक्षेप असा की मशीन माझे आहे, धोका मी पत्करतो, कर्नल कोण अडवणारा? हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला उत्तरही दिले गेले आहे: बूट करताना हा नियम सैल करण्याचा पर्याय सुरुवातीपासून ठेवलेला आहे. जाणूनबुजून धोका घेणाऱ्याचा हात कोणी धरलेला नाही. न विचारता सगळ्यांच्या माथी तो मारायचा नाही, इतकाच आग्रह आहे.

सेन्सर प्रोसेसरच्या पोटात गेले तेव्हा हे सारे मिटेल असे वाटले होते, कारण तिथे रेझिस्टर नाहीत की बोर्डाची जोडणी नाही. इंटेलचा अंतर्गत सेन्सर मात्र तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत तेवढे सांगतो. २००७ मध्ये रुडॉल्फ मारेक यांचा ‘कोअरटेम्प’ ड्रायव्हर आला तेव्हा कित्येक प्रोसेसरांची ती मर्यादा ८५ धरायची की १०० हे अंदाजाने ठरवावे लागे. पंधरा अंशांचा फरक! नंतरच्या पिढ्यांत इंटेलने ती मर्यादा रजिस्टरमधूनच वाचण्याची सोय केली आणि वाद संपला. एएमडीच्या काही जुन्या प्रोसेसरांतला सेन्सर सदोष असल्याचे कंपनीनेच नोंदवले होते; ‘के१०टेम्प’ ड्रायव्हर अशा प्रोसेसरांवर, मुद्दाम ‘फोर्स’ म्हटल्याशिवाय, चालतच नाही. २०१७ मध्ये रायझन १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त दाखवतात हे एएमडीने सांगितले. पंख्यांचे धोरण सगळ्या मॉडेलांवर सारखे चालावे म्हणून ती भर मुद्दाम घातलेली होती. सांगितले म्हणून ड्रायव्हरला ती वजा करता आली. याउलट घडले ते २०२० मध्ये. ग्वेंटर रोक यांनी झेन प्रोसेसरांचे व्होल्टेज आणि करंट दाखवण्याची सोय के१०टेम्पमध्ये घातली, आणि त्याच वर्षी ती काढूनही टाकली. रजिस्टरांची अधिकृत कागदपत्रे नव्हती, गुणक अंदाजाचे होते, आणि काही मशीनवर आकडे जुळत नव्हते.

इथे आक्षेप येतो की काहीच न दाखवण्यापेक्षा अंदाजे दाखवलेले बरे. माणूस निदान चढउतार तरी पाहील. तापमानाच्या आलेखापुरते हे मान्य करता येईल. पण हे आकडे नुसते पाहण्यासाठी नसतात. त्यांच्यावर पंखे हळू-जलद करणारे प्रोग्राम चालतात, सर्व्हर बंद करण्याच्या सूचना जातात, पॉवर सप्लाय बदलायचा की नाही हे ठरते. प्रमाणित न केलेल्या तराजूने तोललेला माल थोडासाच कमी भरला म्हणून तो व्यवहार खरा ठरत नाही. शिवाय पडद्यावर दशांश चिन्हानंतर दोन अंक छापले की अंदाजाचा वास उडून जातो. वाचणाऱ्याला तो मोजलेला आकडाच वाटतो. गप्प बसलेला ड्रायव्हर निदान शोध घ्यायला लावतो. चुकीचे बोलणारा ड्रायव्हर शोधच थांबवतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: विंडोजवर तर हे सगळे दिसते, मग ही शिस्त म्हणजे अपयशाला दिलेले सभ्य नाव नव्हे का? विंडोजवर बोर्डाच्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम चालतो आणि त्या कंपनीला आपल्या बोर्डावरची जोडणी ठाऊक असते. फरक आहे तो त्या माहितीचा. ती मिळाली तिथे लिनक्स मागे राहिलेले नाही. विनबाँड आणि तिच्यापासून निघालेल्या नुव्होटॉनच्या अनेक चिपांची कागदपत्रे उपलब्ध झाली, तर त्यांचे ड्रायव्हर भक्कम झाले. आयटीईच्या नव्या चिपांची मिळणे कठीण, तर तिथला ड्रायव्हर कायम मागे. गेल्या काही वर्षांत गिगाबाइट आणि असुसच्या अनेक बोर्डांसाठी चिपला थेट हात न लावता बायोसनेच देऊ केलेल्या डब्ल्यूएमआयच्या वाटेने आकडे घेणारे ड्रायव्हर कर्नलमध्ये आले, २०२१ चा ‘गिगाबाइट-डब्ल्यूएमआय’ हा त्यातलाच. पोर्टांची भांडणे यात टळतात. पण त्या गिगाबाइटच्या ड्रायव्हरमध्येही तापमाने नुसती क्रमांकाने येतात. कोणता सेन्सर बोर्डावर कुठे आहे हे तो सांगत नाही, कारण बायोस ते त्याला सांगत नाही.

व्यापारी गुपिताची सबब इथे लावली जाते, आणि ती मला अजिबात पटत नाही. चिपची आतली रचना हे गुपित असू शकते. बोर्डावरचे दोन रेझिस्टर कोणते, तिसऱ्या पायावर कोणता पंखा आहे, हे ज्याच्याकडे बोर्ड आणि मल्टिमीटर आहे त्याच्यापासून लपलेले नाहीच. एलएम-सेन्सर्सच्या भांडारात आज निर्मात्यांच्या नावांनी लावलेल्या कॉन्फिगरेशनच्या फायली आहेत. बोर्डामागून बोर्ड घेऊन, बायोसचे आकडे ताडून, लोकांनी आपल्या वेळात त्या भरल्या आहेत. एका बोर्डासाठी अशी फाइल क्वचितच एका पानाहून मोठी होते. तेवढे एक पान मॅन्युअलच्या शेवटी छापायला कारखान्याला काहीच पडत नाही, आणि पैसे मोजून बोर्ड घेणाऱ्याने ते मागायला हवे.