धान्याच्या राशीचं घनफळ

मळणी झाली, वारवून भूस उडालं, की खळ्यात धान्याची रास पडते. मापाऱ्याने माप हाती घेण्याआधीच ती रास किती भरेल हे सांगणारा हिशेब फार जुना आहे. चीनच्या ‘नऊ अध्याय’ या प्राचीन गणितग्रंथात तो आहे. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये तो दिला, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त त्याला ‘राशिव्यवहार’ असं प्रकरणच दिलं. रीत अशी: राशीच्या घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचं. हे शंकूचंच घनफळ, फक्त परिघ व्यासाच्या तिप्पट धरलेला. त्यामुळे उत्तर सुमारे पाच टक्के जास्त येतं. ३९२७/१२५० इतकं सूक्ष्म गुणोत्तर ठाऊक असलेल्या भास्कराचार्यांनी इथे ३ वर भागवलं, ते मला योग्यच वाटतं. खळ्यातली रास काही रेखीव शंकू नसते.

पण राशीची उंची मोजायची कशी? याचं उत्तर या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग आहे. ती मोजायचीच नाही. जाड धान्याची उंची घेराचा दहावा भाग, बारीक धान्याची अकरावा, कुसळं असलेल्या धान्याची नववा. दाणे घरंगळत येतात आणि आपापल्या उतारावर थांबतात. कुसळं एकमेकांत अडकतात म्हणून ती रास जरा उभी राहते, बारीक दाणा पसरतो. या प्रमाणांतून निघणारे उतार अंदाजे ३२, ३० आणि ३५ अंशांचे आहेत. म्हणजे दोरीने घेर घेतला की काम झालं. ६० हात घेराची जाड धान्याची रास ६ हात उंच, आणि घनफळ ६०० घनहस्त, अर्थात त्या काळच्या धान्यमापात ६०० मागधी खारी. रास भिंतीला टेकलेली असेल तर घेर दुप्पट, आतल्या कोपऱ्यात असेल तर चौपट धरून हिशेब करायचा आणि आलेलं उत्तर तितक्यानेच भागायचं.

अंदाज झाला, तरी शेवटी मापाऱ्याचं माप येतंच, आणि तेही भास्कराचार्यांच्या घराण्यापर्यंत पोचतं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तिथल्या १२०७ च्या शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. मठाच्या उत्पन्नाची व्यवस्था सांगताना त्यात एक नियम कोरला आहे: इथे जे मापलं जाईल ते मठाच्या मापाने मापावं, मापणावळ अर्धी मठाला, अर्धी मापाऱ्याला.