शेगडी, कोळशाची
कोळशावर स्वयंपाक करण्याचे व शेक घेण्याचे, उचलून कुठेही नेता येणारे साधन. वर निखाऱ्यांचा खळगा, त्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला व हवा आत यायला पोकळी आणि पुढे तोंड, एवढीच रचना. बीड जिल्ह्यात मातीची, पत्र्याची आणि बादलीला आतून मातीचा जाड लेप देऊन केलेली, असे तीन प्रकार आढळतात. दोन ते चार माणसांच्या घराला कोणते माप पुरते, याचाच येथे मुख्यतः विचार केला आहे.

जळण : जिल्हा कापूस, तूर, ज्वारी-बाजरीचा, त्यामुळे खेड्यात पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि वेडी बाभूळ हे रोजचे जळण. चुलीतला आर पुढे ओढला की त्यावर भाकरी फुगते, म्हणून तेथे वेगळी शेगडी फारशी लागत नाही. विकतचा कोळसा बाजारपेठेच्या गावांतला; त्याचे गिऱ्हाईक इस्त्रीवाले, कणसे भाजणारे, कबाबवाले.

माप : घरात माणसे किती यावरून शेगडी घेण्याची रीत आहे. ती भाताच्या मुलखात चालेल. भाकरीच्या मुलखात तवा मोजावा. चार माणसांच्या भाकऱ्या एकामागून एक त्याच तव्यावर होतात, माणसे वाढली तर वेळ वाढतो, विस्तवाची रुंदी वाढत नाही. खळगा तव्यापेक्षा प्रत्येक बाजूने दोन बोटे आत असावा. त्याहून अरुंद झाला तर भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. तव्याबाहेर गेला तर आच बाजूने निघून जाते व हात पोळतो. तव्याखाली तीन उंचवटे हवेतच. तवा काठावर सपाट बसला तर हवेची वाट बंद होते आणि निखारे मंदावतात.

खोलीचे गणित वेगळे. निखारे एकमेकांच्या आचेने जिवंत राहतात. किमान दोन थर एकमेकांना लागून हवेत, मूठभर कोळसा रुंद खळग्यात विखुरला की विझतो. म्हणून मोठी शेगडी ‘थोडीच पेटवू’ म्हणून भागत नाही. तीच घरात असेल तर कडेने कौलांचे तुकडे लावून खळगा लहान करावा. भिंतीची जाडीही पाहावी : जाड माती आधी स्वतः तापते, मग भांड्याला आच देते. तासन्‌तास चालणाऱ्या हॉटेलात ही साठवण कामाला येते; दोन माणसांच्या अर्ध्या तासाच्या स्वयंपाकात तेवढा कोळसा भिंतीतच जातो. केनियातील ‘जिको’ शेगडीत पत्र्याच्या कवचात भाजलेल्या मातीचे पातळ अस्तर असते. लहान घरासाठी हीच तोड योग्य वाटते.

कांडीकोळसा व ‘सराई’ : लहान कुटुंबाच्या कोळशाचा नेमका हिशेब पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने मांडला. वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने तेथे उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली गेली. तोडणीनंतर हेक्टरी सुमारे १० टन पाचट शेतात उरते आणि ते बहुधा पेटवून दिले जाते. ‘आरती’च्या भट्टीत पाचट बंद डब्यांत, बाहेरून आच देऊन भाजतात, निघालेली भुकटी खळीत मळून यंत्रातून दाबली की कांड्या पडतात. या कामाला २००२ मध्ये ब्रिटनमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कांडीकोळशासाठी केलेल्या ‘सराई’ कुकरमध्ये खाली छोटी शेगडी, वर स्टीलचे भांडे व आत वाफेवर शिजणारे डबे असतात. सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर पाच माणसांचे वरण, भात व भाजी तासाभरात होते, मध्ये लक्ष द्यावे लागत नाही. इतक्या कमी कोळशाचे कारण मापच : शेगडी, भांडे आणि झाकण एकमेकांसाठी बेतलेले आहेत. उणीव एक, आणि बीडच्या दृष्टीने मोठी : त्यावर भाकरी होत नाही.

ऊसतोड कुटुंबे : जिल्ह्यातील सर्वांत लहान घर म्हणजे ‘कोयता’, नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघालेल्या जोड्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या तळावर कोपी घालून राहतात. पहाटे फडावर जाण्याआधीच भाकऱ्या थापाव्या लागतात. ज्या पाचटात दिवस जातो त्याचा कोळसा त्यांच्या वाट्याला येत नाही. स्वयंपाक तीन दगडांच्या चुलीवर.

शेक-शेगडी : बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवायची, ओंजळीएवढ्या खळग्याची. ओवा, बाळंतशोपा यांची धुरी हिच्यावरच देतात. शेक आवश्यक आहे की नाही, यावर जुनी माणसे व डॉक्टर यांच्यात मतभेद आहेत. बंद खोलीतील कोळसा घातक, याबद्दल मात्र दुमत नसावे : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि शेगडीला धूर नसल्याने धोका कळत नाही. खिडकी उघडी हवी. शेगडी लहान असली तरीही.

झाकणाची शेगडी : जपानी ‘कामादो’च्या धर्तीवरील, जाड चिनी मातीची, अंड्याच्या आकाराची. १९७४ मध्ये अटलांटात एड फिशर यांनी सुरू केलेल्या ‘बिग ग्रीन एग’ कंपनीची मापे १० ते २९ इंची जाळीची आहेत. आच वर-खाली असलेल्या झरोक्यांनी सांभाळली जाते आणि झरोके बंद केले की उरलेला कोळसा दुसऱ्या दिवसासाठी राहतो. लहान घराला १३ ते १५ इंच पुरतात. मांस संथ भाजण्यास उत्तम. भाकरीसाठी झाकण सारखे उघडावे लागते, मग जाड भिंतीचे पैसे कशाला मोजायचे?

घडण : कुंभार मातीत राख व घोड्याची लीद मळतात. लीद भाजताना जळून जाते, बारीक छिद्रे राहतात आणि अंग तापून फुटत नाही.

सुधारित चुली : केंद्राचा कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला, २००२ मध्ये थांबला. (→ चूल)

नक्षी : नसते.

देखभाल : पहिल्यांदा मंद आचेवर तापवावी. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नये, तडा जातो. बारीक तडे माती व राखेच्या लेपाने बुजवतात. जाळी झिजली की फक्त तेवढी बदलतात.