अंड्यावर आलेली टी. रेक्स

चपला काढून हातात घ्या. पुढं सगळा चिखल आहे, आणि तोही कोमट. घोटा बुडाला की पचकन आवाज होतो, पाय उपसला की कुजक्या पानांचा आंबूस दर्प नाकात घुसतो. शर्ट पाठीला चिकटलाय, घाम डोळ्यांत उतरतोय. तुम्ही अमेरिकेतल्या मोंटानात उभे आहात, पण ६ कोटी ८० लाख वर्षं मागं. पूर्वेला समुद्र आहे, नदी त्याला मिळते तिथलं हे खाडीकाठचं रान. ओठांवरून जीभ फिरवा, खारट लागेल.

जाता जाता एखादं पान चुरडून बघा. आपल्या तमालपत्राच्या कुळातली झाडं इथं भरपूर आहेत. खाली नेचे, मधूनच ताडाच्या जातीचं एखादं झाड, वर सरळसोट रेडवूड. हिरवळीवर टेकायचा विचार असेल तर सोडा, तसली हिरवळ इथं नाही. याच सुमाराचं गवत हवं तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात जायला हवं: पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे बारीक कण सापडलेत.

बाजूला व्हा! कळप येतोय. एडमोंटोसॉरस, बदकासारख्या चपट्या तोंडाचे, एकेक हत्तीच्या वजनाचा. जमीन हादरतेय ती तळपायातून थेट दातांपर्यंत पोचते. पिल्लं मोठ्यांच्या पायांत घुसतायत, शेपट्या एकमेकींवर आपटतायत, ओल्या शेणाची वाफ आणि माश्यांचा घोंघाट. ओंडक्यावरची कासवं धपाधप पाण्यात पडली. एवढ्या धक्काबुक्कीत तुमच्याकडं कुणाचंही लक्ष नाही, हे तुमचं नशीब.

आणि मग कळप एकदम उधळला.

ती आली. टायरॅनोसॉरस रेक्स, वय सुमारे १८ वर्षं. खोडामागं दडून बघा. मांडीवर बारीक खवल्यांची नक्षी, श्वासाला सडक्या मांसाची घाण, नाकपुड्यांतून सुटणारी हवा इथपर्यंत जाणवते. मान खाली घालून ती पाणी पितेय. दात बघून होतील, मला तुम्हाला तिची मांडी दाखवायचीय. त्या मांडीचं हाड १०७ सेंटिमीटर लांब आहे आणि त्याच्या पोकळीत, आतल्या अंगानं, नव्या हाडाचा एक मऊ थर धरलाय. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या हाडात असाच थर धरतो, कवचासाठी कॅल्शियम साठवायला. ही माउली अंडी घालायच्या दिवसांत आहे.

ते दिवस तिला पुरले नाहीत. तिचं धूड आता वाळूत पडलंय. नाकाला रुमाल लावा, तरी वास येणारच. माश्या, अळ्या, मांस ओरबाडणारी तोंडं. प्रवाहानं हाडं एकमेकांपासून सुटी केली. पण वरून वाळू येत राहिली, आणि ही वाळू फार कामाची. तिच्यातून कुजीचं पाणी झिरपून जातं, साचून राहत नाही. त्यातच मेलेल्या रक्तपेशी फुटून लोह मोकळं होतं. ते लोह प्रथिनांच्या धाग्यांना एकमेकांत जखडून टाकतं, कातडं कमावल्यावर ते कुजत नाही तसं. निदान पुराजीवशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांचं म्हणणं असं आहे, आणि त्यांनी ते करून पाहिलंय: शहामृगाच्या रक्तवाहिन्या नुसत्या पाण्यात काही दिवसांत कुजल्या, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये ठेवलेल्या दोन वर्षं टिकल्या.

चला, आता पुढं. घसा कोरडा पडला ना? हे मोंटानातलंच, २००० सालचं हेल क्रीक: उघडेबोडके कडे, करपवणारं ऊन, सावलीला झाड नाही. जीवाश्म शोधणारे बॉब हार्मन जेवायला बसलेत, सहज वर बघतात तर कड्यातून हाड डोकावतंय! त्यांच्या नावावरून तिला ‘बी. रेक्स’ म्हणू लागले. ती मादी आहे हे पुढं कळलं. प्लास्टरमध्ये गुंडाळलेला तो बोजा हेलिकॉप्टरला पेलेना, म्हणून मांडीचं हाड तोडावं लागलं. अशा तोडफोडीनं कुणाचाही जीव हळहळेल. पण आतले जे तुकडे निघाले त्यांना ना डिंक लागला होता ना रसायन, आणि तेच श्वाइट्झरबाईंच्या प्रयोगशाळेत गेले.

तुकडा नाकाशी धरा. हेल क्रीकच्या हाडांना मढ्याचा वास येतो, हे बाईंना आधीच जाणवलं होतं. आता तो सौम्य द्रावणात सोडा, खनिज विरघळू द्या. दगडच असेल तर मागं काही उरायला नको. चिमट्यानं उचला: ताणलं की ताणतंय, सोडलं की परत जागेवर येतंय! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. पारदर्शक, फांद्या फुटलेल्या नळ्या, त्यांच्या आत लालसर गोल कण. २००७ साली त्यातून कोलॅजेनचे, म्हणजे हाडातल्या प्रथिनाचे, तुकडे वाचल्याचं जाहीर झालं. सर्वांत जवळचं साम्य कोंबडीशी.

खोलीत आता गलका सुरू आहे, तोही ऐका. कुणी म्हणतं, या नळ्या म्हणजे जिवाणूंनी धरलेला बुळबुळीत थर. कुणी म्हणतं, प्रयोगशाळेतल्या शहामृगाचं प्रथिन यात मिसळलं. शंका रास्त आहेत. इतकी वर्षं प्रथिन टिकतं हे सहजासहजी मान्य करू नयेच. पण मला ही बाजू पटते, कारण बाईंनी वाद घालत न बसता दुसरा डायनोसॉर काढला. ब्रॅकिलोफोसॉरस, आणखी सव्वाएक कोटी वर्षं जुना. भोवतीचा दगड न सोलता त्याचं हाड आणलं आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासलं. २००९ मध्ये पुन्हा कोलॅजेन मिळालं.

या हाडावरचा दगड आत्ताच फुटलाय. हात पुढं करू नका, तुमच्या बोटांवरही प्रथिनं आहेत. आधी हातमोजे घाला.